नेहमी एकाच कंपनीचे पेट्रोल भरावे का?

आपला प्रश्न असा आहे की, पाच वर्षांच्या गाडीत आजवर एकाच कंपनीचे पेट्रोल भरत आलात, आता नाशिकहून पुण्याला बदली झाल्यामुळे घराजवळ त्या कंपनीचा पंप उरला नाही, तर टाकीतल्या पेट्रोलमध्ये दुसऱ्या कंपनीचे पेट्रोल मिसळल्याने इंजिनाला अपाय होईल का. अपाय होणार नाही. मी अनेक वर्षे एका तेल कंपनीच्या डेपोत गुणवत्ता तपासणीच्या कामावर होतो आणि हा प्रश्न मला नातेवाइकांपासून टँकरचालकांपर्यंत अनेकांनी विचारला आहे. त्यामागची काळजी रास्त आहे. फक्त ती पंपावरच्या फलकापाशी अडकून राहते आणि ज्या गोष्टी खरोखर पाहायला हव्यात त्या नजरेआड होतात.

देशात विकले जाणारे नेहमीचे पेट्रोल, मग ते सरकारी कंपनीचे असो वा खासगी, भारतीय मानक ब्युरोने ठरवलेल्या मानकात बसावेच लागते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ (भारत स्टेज ६ या प्रदूषण मानकाच्या) दर्जाचे इंधन आले, तेव्हा गंधकाची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आणली गेली, आणि नेहमीच्या पेट्रोलचा रिसर्च ऑक्टेन क्रमांक (दाबाखाली आपोआप पेट न घेण्याची क्षमता सांगणारा आकडा) तेव्हा किमान ९१ असावा लागे. घनता, बाष्पदाब, डिंकासारखा साका धरण्याचे प्रमाण, बेंझीनचे प्रमाण अशा सगळ्याच बाबींना मर्यादा आहेत आणि त्यांच्या चाचण्या होऊन प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय माल डेपोतून बाहेर पडत नाही. एकाच मानकातली दोन पेट्रोले एकमेकांत पूर्णपणे मिसळतात, त्यांचा चोथा होत नाही की थर बसत नाहीत.

दुसरी गोष्ट बहुतेक ग्राहकांना ठाऊक नसते. तेल कंपन्या एकमेकींकडून माल घेतात. मुंबईत माहुलला बीपीसीएल (भारत पेट्रोलियम) आणि एचपीसीएल (हिंदुस्तान पेट्रोलियम) यांचे शुद्धीकरण कारखाने आहेत. बीपीसीएलची वाहिनी तिथून मनमाडकडे जाते आणि एचपीसीएलची पुण्यामार्गे सोलापूरकडे. इंडियन ऑइलचा महाराष्ट्रात एकही शुद्धीकरण कारखाना नाही, तरीही तिचे पंप राज्यभर आहेत. प्रत्येक कंपनीने आपापल्या कारखान्यातलेच पेट्रोल शेकडो किलोमीटर वाहून न्यायचे ठरवले, तर वाहतुकीचा खर्च अकारण वाढेल. म्हणून ज्या भागात ज्या कंपनीचा माल जवळ उपलब्ध असेल, तिथून इतर कंपन्या करारानुसार तो उचलतात. तेव्हा आपण निष्ठेने भरत असलेले पेट्रोल पूर्वीही अधूनमधून दुसऱ्याच कंपनीच्या कारखान्यात तयार झालेले असण्याची शक्यता बरीच आहे.

मग कंपन्यांमध्ये फरक कशाचा? मुख्यतः पूरक रसायनांचा. इंजेक्टरच्या (पेट्रोल फवारणाऱ्या भागाच्या) तोंडाशी आणि इनटेक व्हॉल्व्हवर (इंजिनात हवा आत सोडणाऱ्या झडपेवर) काजळी साचू नये म्हणून पेट्रोलमध्ये अत्यल्प प्रमाणात स्वच्छता राखणारी रसायने घालतात. प्रीमियम नावाने विकल्या जाणाऱ्या प्रकारांत त्यांचे प्रमाण किंवा जात वेगळी असते, आणि काही प्रकारांत त्याबरोबर ऑक्टेनही जास्त असते. ही रसायने निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत 'टॉप टियर' नावाचे एक मानक २००४ साली काही मोटार कंपन्यांनी मिळून सुरू केले, आणि तिथल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१६ मध्ये केलेल्या चाचणीत त्या मानकाबाहेरच्या पेट्रोलमुळे इंजिनात सरासरी १९ पट अधिक काजळी साचल्याचे आढळले. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी ते चिन्ह पाहून पेट्रोल भरावे, हे योग्यच आहे. पण तिथेही ते मानक पाळणाऱ्या कंपन्या अनेक आहेत, त्यामुळे एकाच कंपनीला धरून राहण्याचे कारण त्यातून निघत नाही. शिवाय ज्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, तिथे ते इनटेक व्हॉल्व्हवरून वाहतच नाही, म्हणून त्या व्हॉल्व्हवरची काजळी पेट्रोलमधल्या रसायनांनी निघत नाही.

ऑक्टेनविषयी गैरसमज फार आहेत. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. ठिणगी पडण्याआधी किंवा ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधी दाबाखाली आपोआप पेट न घेण्याची क्षमता तो आकडा सांगतो. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत ९१ पुरेसे आहे असे लिहिले असेल, तर जास्त ऑक्टेनचे प्रीमियम पेट्रोल भरून इंजिनाची शक्ती वाढत नाही; पैसे मात्र जास्त जातात. उलट टर्बो किंवा अधिक कॉम्प्रेशनच्या इंजिनाला पुस्तिकेत ९५ ची शिफारस असेल, तर ती पाळावी, कारण कमी ऑक्टेनवर नॉकिंग (पेट्रोल आपोआप पेटून इंजिनात होणारी ठकठक) टाळण्यासाठी गाडीतला संगणक ठिणगी उशिरा पाडतो आणि शक्ती व मायलेज दोन्ही घटतात.

मायलेजच्या अनुभवावरून लोक कंपन्यांची प्रतवारी लावतात, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहितो. टाकी पूर्ण भरून, गाडी चालवून, पुन्हा पूर्ण भरून हिशेब करण्याची आपली पद्धत चांगली आहे, पण तिची अचूकता मर्यादित आहे. नोझल आपोआप बंद होण्याची जागा पंपागणिक, गाडीच्या उभ्या राहण्याच्या उतारागणिक आणि भरणाऱ्याच्या हातागणिक बदलते. तीस लिटरच्या भरण्यात एका लिटरचा फरक पडला, तरी मायलेजमध्ये तीन टक्क्यांहून अधिक फरक दिसतो. त्यात कसारा घाट चढून झालेला प्रवास, एसीचा वापर, टायरमधली कमी हवा आणि चाकणच्या कोंडीत गेलेला वेळ यांची भर घातली, तर दोन कंपन्यांच्या पेट्रोलमधला खरा फरक, तो असलाच तर, त्यात हरवून जातो. एकेका टाकीवरून कंपनी चांगली की वाईट हे ठरवता येत नाही. एवढे करूनही तुलना करायची असेल, तर त्याच रस्त्यावर, प्रत्येक कंपनीच्या एकाच ठरलेल्या पंपाच्या एकाच नोझलवर आणि अनेक टाक्यांचा सलग हिशेब ठेवून करावी.

गेल्या काही वर्षांत मायलेज कमी झाल्याची तक्रार अनेक जण करतात आणि पंप बदलून पाहतात. त्यामागे बहुधा पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे इथेनॉल आहे. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणात ऊर्जा घटणे अटळ आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले होते की, मुळात इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींची इंधनक्षमता २० टक्के मिश्रणावर सुमारे ६ ते ७ टक्के घटेल. हे मिश्रण सर्वच कंपन्यांच्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये असल्याने कंपनी बदलून ही घट भरून निघणार नाही. आपली गाडी पाच वर्षांची आहे, म्हणून तिचे रबरी भाग आणि सील २० टक्के मिश्रणाला योग्य आहेत का, हे पुस्तिकेत किंवा सर्व्हिस सेंटरला लेखी विचारून पाहावे. माझ्या मते आज आपल्यासाठी कंपनीच्या निवडीपेक्षा ही चौकशी अधिक महत्त्वाची आहे.

आता ज्या गोष्टीची खरी काळजी करावी तिच्याकडे येतो. पेट्रोल डेपोतून निघेपर्यंत त्याच्यावर कडक नजर असते. बिघडते ते त्यापुढे, टँकरमध्ये किंवा पंपाच्या भूमिगत टाकीत. मनमाडजवळच्या पानेवाडीत २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनभेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. ज्यांनी या व्यवसायात काम केले आहे, त्यांच्यासाठी ती केवळ बातमी नव्हती. भेसळ करणारा कोणत्या कंपनीचा टँकर आहे हे पाहत नाही, म्हणून फलकावरचे नाव हे भेसळीपासून संरक्षण ठरत नाही.

इथेनॉलमुळे पाण्याचा प्रश्नही गंभीर झाला आहे. पूर्वी पंपाच्या टाकीत पाणी शिरले, तर ते तळाशी वेगळे राहत असे आणि टाकीत बुडवायच्या पट्टीला लावलेल्या, पाण्याने रंग बदलणाऱ्या पेस्टने ते सहज कळत असे. आता पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलला आपल्याकडे ओढून घेते आणि दोन्ही मिळून तळाशी वेगळा थर करतात. वरच्या पेट्रोलचे ऑक्टेन त्यामुळे उतरते, आणि तळाचा थर गाडीत गेला तर इंजिन झटके देते किंवा बंदच पडते. पावसाळ्यात टाकीचे झाकण, सांधे आणि व्हेंट पाइप यांची देखभाल ज्या पंपावर नीट होत नाही, तिथे हा धोका सर्वाधिक असतो. जिथे विक्री कमी, तिथे माल टाकीत जास्त दिवस पडून राहतो, हेही ध्यानात घ्यावे.

म्हणून पुण्यात आपण कंपनी शोधू नये, पंप शोधावा. भरपूर खप असलेला, आवार कोरडे व स्वच्छ असलेला, मागितल्यावर कुरकुर न करता तपासणी करू देणारा पंप निवडावा आणि शक्यतो तिथेच भरत राहावे. ग्राहक म्हणून आपल्याला गाळणकागद मागण्याचा हक्क आहे: नोझलचे तोंड पुसून कागदावर एक थेंब टाकला असता दोनेक मिनिटांत तो डाग न ठेवता उडून जायला हवा. डाग राहिला तर शंका घ्यावी. घनतेची तपासणीही मागता येते. हायड्रोमीटरने मोजून १५ अंश सेल्सिअसला आणलेली घनता आणि माल उतरवताना नोंदवलेली घनता यांत घनमीटरला ३ किलोहून अधिक तफावत असू नये. माप कमी वाटले, तर वैधमापन विभागाचा शिक्का असलेल्या पाच लिटरच्या मापात पेट्रोल मोजून घ्यावे. टँकर रिकामा होत असेल तेव्हा पंपाच्या टाकीच्या तळाचा गाळ ढवळला जातो. पंपाला गाळण्या असतात, तरी मी स्वतः अशा वेळी पुढच्या पंपावर जातो.

लांबच्या प्रवासात हा नेहमीचा पंप मिळणार नाही, तेव्हा महामार्गावरच्या कोणत्याही कंपनीच्या गजबजलेल्या पंपावर निर्धास्तपणे भरावे. पेट्रोल भरल्यानंतर काही किलोमीटरांतच गाडी झटके देऊ लागली, तर ती पुन्हा पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. पावती जपून ठेवावी, टाकीतला नमुना मेकॅनिककडून स्वच्छ ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या भांड्यात काढून घ्यावा आणि पंपावर लावलेल्या फलकावरील विक्री अधिकाऱ्याच्या क्रमांकावर त्याच दिवशी तक्रार नोंदवावी, कारण पंपाच्या टाकीत नवा माल उतरल्यावर जुन्या मालाची तपासणी करणे अवघड होऊन बसते.