वाचक विचारतात : रेशीची कॅप्सूल आणि रेशीचा काढा

प्रश्न : रोगप्रतिकारशक्तीसाठी रेशी अळंबीच्या कॅप्सूल मागवल्या. लेबलवर 'पॉलिसॅकराइड ४० टक्के' असं लिहिलंय. एक फोडून चाखली तर पीठ गोडसर लागलं. माल अस्सल आहे ना?

उत्तर : शंका रास्त आहे. रेशी कडूजहर असते. तो कडूपणा तिच्यातल्या ट्रायटर्पीन नावाच्या द्रव्यांचा. गोडसर पीठ म्हणजे बहुधा तांदूळ-ज्वारीवर वाढवलेलं मायसेलियम. अळंबीचे हे धागे धान्यात इतके गुंततात की वेगळे काढता येत नाहीत, मग सगळंच एकत्र दळतात. त्यामुळे डबीत स्टार्च भरपूर येतो, आणि स्टार्च हाही पॉलिसॅकराइडच, म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी! म्हणून तो ४० चा आकडा काहीच सांगत नाही. लेबलवर 'बीटा-ग्लुकन', म्हणजे अळंबीच्या पेशीभित्तिकेतलं पॉलिसॅकराइड, किती टक्के ते शोधा, आणि 'फ्रूटिंग बॉडी', म्हणजे प्रत्यक्ष छत्री, वापरली आहे का तेही पाहा.

घरी तपासायचं तर अर्धा चमचा पीठ अर्धा कप उकळत्या पाण्यात ढवळा. पूर्ण गार झाल्यावर (गरम पाण्यात रंग टिकत नाही) जखमेवर लावायच्या पोव्हिडोन आयोडीनचे चार-पाच थेंब टाका. निळा-काळा रंग आला की स्टार्च. नाही आला तरी निर्धास्त होऊ नका. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भरीची पूड) मिसळलं असेल तर ते यात निसटू शकतं. ते पाणी मोरीत ओता.

बीटा-ग्लुकन प्रतिकारपेशींना चेतवतात, हे प्रयोगशाळेत दिसतं. पण कॅप्सूल घेतल्याने सर्दी-खोकला टळतो, असं ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा नाही. जाहिरातींत जपानचा दाखला असतो. तिथे १९८५ मध्ये मान्यता मिळालेलं लेंटिनान हे शिताके या दुसऱ्या अळंबीपासून शुद्ध केलेलं इंजेक्शन आहे, कर्करोगात केमोथेरपीच्या जोडीला देण्याचं. तुमच्या डबीशी त्याचा संबंध नाही.

प्रश्न : वाळलेल्या रेशीच्या चकत्या मिक्सरमध्ये दळून दुधातून घेतल्या तर चालतील का?

उत्तर : फारसं हाती लागणार नाही. बीटा-ग्लुकन पेशीभित्तिकेत कायटिन या चिवट द्रव्यासोबत घट्ट अडकलेले असतात आणि कायटिन आपल्याला नीट पचत नाही. काढाच करा. ५ ग्रॅम चकत्या पाऊण लिटर पाण्यात, स्टीलच्या पातेल्यात, मंद आचेवर दीडदोन तास उकळून पाव लिटरवर आणा. गाळून दोन वेळा विभागून घ्या. त्याच चकत्या आणखी एकदा उकळता येतात, दुसरा काढा अर्थातच फिका. ट्रायटर्पीनं पाण्यात कमीच उतरतात. त्यासाठी अल्कोहोल लागतं, म्हणून बाजारात पाणी आणि अल्कोहोल दोन्हींनी काढलेला 'ड्युअल एक्स्ट्रॅक्ट' मिळतो.

प्रश्न : वडिलांचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालंय, टॅक्रोलिमस चालू आहे. त्यांना द्यावं का?

उत्तर : नाही. ते औषध प्रतिकारशक्ती दाबण्यासाठीच दिलेलं असतं. तिला उलट चेतवायला जाणं म्हणजे नवं मूत्रपिंड पणाला लावणं. वॉरफेरिन किंवा ॲस्पिरिनसारखी रक्त गोठू न देणारी औषधं घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय रेशी घेऊ नये, रक्तस्राव वाढू शकतो. शस्त्रक्रियेआधी किमान दोन आठवडे बंद. मधुमेहाच्या गोळ्यांसोबत साखर जास्त उतरू शकते. आणि कुणी चागा ही दुसरी औषधी बुरशी सुचवली तर तो तुमच्या वडिलांना मुळीच नको : त्यात ऑक्झलेट फार असतं, आणि रोज चागाची पूड घेणाऱ्यांची मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या नोंदी आहेत.