डायमेट्रोडॉनला ‘सस्तनसदृश सरीसृप’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे : पुण्यातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मराठी फलक लिहायचे आहेत. पाठीवर शीड असलेल्या डायमेट्रोडॉन या प्राचीन प्राण्यासाठी ‘सस्तनसदृश सरीसृप’ आणि पाय असलेल्या अकँथोस्टेगा या प्राचीन जलचरासाठी ‘पहिला उभयचर’ असे शब्द सुचवले गेलेत. ते चालतील का? शिवाय ‘चतुष्पाद’ आणि ‘पूर्वज’ हे शब्द कुठे वापरावेत?

‘सस्तनसदृश सरीसृप’ हा शब्द जुन्या पुस्तकांत सर्रास सापडतो, पण आता तो सोडून द्यावा. त्यातून असा अर्थ निघतो की आधी सरीसृप होते, त्यातल्या काहींना सस्तनांची लक्षणं आली आणि मग सस्तन झाले. घडलं ते वेगळंच. साधारण ३२ कोटी वर्षांपूर्वी एका वंशाच्या दोन शाखा झाल्या. एकीतून पाली, साप, मगरी, कासवं आणि पक्षी आले. दुसरीतून डायमेट्रोडॉन आणि कितीतरी काळाने आपण. म्हणजे सरीसृप ही आपली भावकी आहे, आपले आजोबा नव्हेत. डायमेट्रोडॉन दिसायला सरड्यासारखा होता, एवढ्यावरून त्याला सरड्याच्या घरात नेऊन बसवू नये.

दुसऱ्या शाखेचं शास्त्रीय नाव सायनॅप्सिड. अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ हेन्री ऑसबोर्नने ते १९०३ साली दिलं. त्याचं संस्कृतीकरण करून कुणाला कळणार नाही असा शब्द घडवण्यापेक्षा मराठीतलाच ‘कानशील’ हा शब्द हाताशी घ्यावा. सायनॅप्सिड म्हणजे कवटीत डोळ्यामागे, कानशिलापाशी, दोन्ही बाजूंना एकेकच खिडकी असलेला प्राणी. मगरीच्या कवटीत प्रत्येक बाजूला अशा दोन खिडक्या असतात. कानशिलावर बोटं ठेवून दाढा आवळा. बोटांखाली जो स्नायू फुगतो, तो गालाच्या हाडाच्या कमानीखालून खालच्या जबड्याला जाऊन मिळतो. ती कमान आणि तिच्या आतली पोकळी म्हणजे त्या जुन्या खिडकीचंच आजचं रूप. कुत्र्याची कवटी पाहायला मिळाली तर कमान फारच स्पष्ट दिसते. फलकावर ‘सायनॅप्सिड (कानशिलाला एक खिडकी)’ एवढं लिहिलं तरी पोरं लगेच स्वतःच्या कानशिलाला हात लावतील.

डायमेट्रोडॉनच्या नावाचा अर्थही मराठीत छान उलगडतो : दोन मापांचे दात. पुढे सुळ्यांसारखे मोठे, मागे लहान. पटाशीचे दात, सुळे, उपदाढा, दाढा अशी चोख वाटणी पुढे सस्तनांत झाली. तिची ही अगदी सुरुवातीची खूण. पाठीवरचं शीड म्हणजे मणक्यांचेच उंच वाढलेले काटे. आणि कृपा करून त्याला डायनोसॉरांच्या रांगेत उभं करू नका. तो संपल्यानंतर डायनोसॉर यायला किमान तीनेक कोटी वर्षं गेली.

‘पूर्वज’ हा शब्दही इथे जपून वापरावा. डायमेट्रोडॉन आपला थेट पूर्वज नाही, चुलत शाखेतला आहे. मराठीत चुलत, मावस, आते अशी नाती नेमकी सांगता येतात, त्याचा फायदा घ्या : ‘सस्तनांच्या पूर्वजांचा चुलत भाऊ’ हे अचूक आहे आणि मुलांना समजतंही.

आता ‘उभयचर’. हा शब्द राहणीचा आहे : पाण्यात आणि जमिनीवर, दोन्हीकडे वावरणारा. जीवशास्त्रात मात्र तो बेडूक, सॅलॅमँडर आणि त्यांच्या नातलगांच्या गटासाठी वापरतात. ग्रीनलंडच्या सुमारे साडेछत्तीस कोटी वर्षं जुन्या खडकात सापडलेला अकँथोस्टेगा या दोन्ही अर्थांत बसत नाही. त्याला पाय होते, पुढच्या पायाला आठ बोटं होती. पण माशांसारखे कल्लेही होते आणि तो मुख्यतः पाण्यातच राहायचा. पाय आधी आले, जमीन नंतर. ‘पहिला उभयचर’ म्हटलं की ही सगळ्यात रोचक गोष्टच झाकली जाते. ‘पाय असलेला आद्य पृष्ठवंशी’ म्हणा. टिक्टालिक त्याच्याही आधीचा, सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा. त्याला बोटं नाहीत, पर आहेत, पण परांच्या आत मनगटासारखी हाडं आहेत. त्याला मासाच म्हणावं.

‘चतुष्पाद’ची अडचण निराळी. आपल्याकडे चतुष्पाद म्हटलं की गाय-बैल डोळ्यांसमोर येतात आणि माणूस द्विपाद ठरतो. शास्त्रीय अर्थाने मात्र माणूस, चिमणी आणि नागसुद्धा चतुष्पादच, कारण त्यांचा वंश चार पायांच्या प्राण्यांचा. म्हणून ‘चतुष्पाद वंश’ असं लिहावं; ‘वंश’ जोडला की नागाची पंचाईत मिटते.

कवचाच्या किंवा चिवट आवरणाच्या अंड्यामुळे, खरं तर त्या अंड्यातल्या पडद्यांमुळे, या वंशातली एक शाखा पाण्यापासून सुटली. गर्भाभोवतीच्या त्या पडद्याला जुना, नेमका शब्द आहे : उल्ब. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ‘यथोल्बेनावृतो गर्भः’ असा तो येतो. सरीसृप, पक्षी आणि सस्तन या सगळ्यांना मिळून ‘उल्बधारी’ म्हणायला माझी पसंती आहे.

जागा उरली तर कानाचा एक फलक जरूर करा. हातोडी, ऐरण, रिकीब ही नावं मुलांना पाठ असतात. त्यातली हातोडी आणि ऐरण ही एकेकाळी जबड्याच्या बिजागरीची हाडं होती. पालीत ती आजही तेच काम करतात. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल रायखर्टने १८३७ साली डुकराच्या गर्भाचा अभ्यास करून हे नातं जुळवलं. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गन्यूकोडॉन या सस्तनांच्या जवळच्या प्राण्यात जुनी आणि नवी अशा दोन्ही बिजागऱ्या शेजारी शेजारी दिसतात. कानाच्या भोकापुढे बोट ठेवून तोंड उघडलं की हलते ती नवी बिजागरी. जुनी आत, ऐकायच्या कामाला लागली आहे.

महाराष्ट्रातलं उदाहरण हवं असेल तर ते वेताळ टेकडीवर शोधू नये. पुण्याखालचा बेसॉल्ट जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा, या गोष्टीसाठी फारच तरुण. विदर्भाकडे वळा. नागपूरच्या दक्षिणेला मांगली इथे सापडलेल्या एका चपट्या कवटीचं वर्णन इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने १८५५ साली केलं आणि प्राण्याचं नाव ठेवलं ब्रॅकिऑप्स. आज तो जुन्या उभयचरांच्या गटात धरतात. ओवेनने मात्र त्याला सरीसृप म्हटलं होतं. त्याच्या फलकावर ‘विदर्भातला प्राचीन उभयचर’ असं लिहा; इथे तो शब्द चालेल.