लक्झरी एसयूव्हीत अ‍ॅडॅप्टिव्ह सस्पेन्शनने घाटातलं हँडलिंग खरंच सुधारतं का?

हो, सुधारतं, नाशिकहून कसारा घाटाने मुंबईला नेहमी ये-जा असेल तर त्यासाठी जादा पैसे जरूर मोजा. मी अंबडला सस्पेन्शनचंच काम करतो. साध्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा कडकपणा कारखान्यातच ठरलेला असतो. अ‍ॅडॅप्टिव्हमध्ये आतला इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह तेलाची वाट काही मिलिसेकंदांत अरुंद किंवा मोकळी करतो, म्हणजे शॉक त्या-त्या वेळी कडक किंवा मऊ होतो. दोन टनांची उंच गाडी ब्रेक मारत उतारावरच्या वळणात शिरते तेव्हा आधी नाक खाली जातं, मग अंग बाहेरच्या बाजूला झुकतं. हे झुकणं सावकाश झालं की स्टिअरिंग पुन्हा पुन्हा सावरावं लागत नाही. डावं वळण संपताच लगेच उजवं आलं की फरक सगळ्यात जास्त जाणवतो. शहरातल्या खड्ड्यांत तोच शॉक मऊ होतो.

एअर सस्पेन्शन ही वेगळी गोष्ट. त्यात स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी फुगे असतात. बऱ्याच गाड्या हायवेच्या वेगाला थोड्या खाली बसतात, कच्च्या रस्त्यावर उंच करता येतात. फुगे कालांतराने गळतात, तेव्हा वॉरंटीनंतरचा खर्च आधीच विचारून ठेवा.

मात्र पकड शेवटी टायरचीच. 21 इंची रिमवर टायरची भिंत बुटकी असते, दणका थेट आत पोचतो. मी तर एक इंच लहान रिम घ्यायला सांगेन. टेस्ट ड्राइव्हला एकच खराब पट्टा कम्फर्ट आणि स्पोर्ट दोन्ही मोडवर चालवून बघा.