जुनी डिझेल गाडी तळणीच्या तेलावर चालते का?

तुमचा प्रश्न असा आहे: भावाचं फरसाणचं दुकान, रोज दहा-बारा लिटर वापरलेलं तेल निघतं, दारात १९९९ ची सुमो उभी आहे, ते तेल टाकून गाडी चालेल का, आणि घरचे म्हणतात इंजिन जाईल. शेवटचा भाग वाचला आणि लिहायला बसलो, कारण आमच्या घरात हे वाक्य मी गेली बारा वर्षं ऐकतोय.

चालते. आमची चालली. अडीच वर्षं, नाशिक ते वणी, सीट भरून.

मी नाशिकच्या सातपूरला पंप-नोझलच्या कामात आहे, म्हणजे डिझेल इंजिनात इंधन दाबाने ढकलणारा पंप आणि ते फवारणारी तोटी, अठरा वर्षं झाली. मायको सर्कलच्या नावातली मायको, म्हणजे आताची बॉश, याच सातपुरात नोझल बनवते. आमच्या गल्लीत नोझल म्हणजे काय हे शाळेतल्या पोरालाही माहीत असायचं. त्यामुळे पुढचं सगळं टेस्ट बेंचसमोर उभं राहून शिकलेलं आहे.

गाडी अण्णांची, म्हणजे वडिलांची. टेम्पो ट्रॅक्स, १९९६ ची, काळी-पिवळी. तिच्यातलं २.४ लिटरचं ओएम ६१६ इंजिन मूळ मर्सिडीजचं, त्यांच्या २४० डी गाडीतलं. तेलावर गाडी चालवणारे परदेशातले लोक हीच मर्सिडीज शोधत फिरतात. हे मला २००९ साली कळलं, तोवर अण्णा जाऊन वर्ष झालं होतं आणि गाडी दादा चालवत होता. कल्पना काही माझ्या डोक्यातून निघालेली नव्हती. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीचं एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. (१० ऑगस्टला जैवइंधन दिन आला की १८९३ सालीच रुडॉल्फ डिझेलने शेंगदाणा तेलावर इंजिन चालवलं असं सगळीकडे छापून येतं, ते चूक आहे. त्या तारखेला त्याच्या इंजिनात पहिल्यांदा इंधन पेटवून बघितलं, एवढंच.) आणि आपल्याच जिल्ह्यात कुंदेवाडीचे विनायकदादा पाटील किती आधीपासून शेतकऱ्यांना जट्रोफा (ज्याच्या बियांच्या तेलाचं इंधन होतं ते झाड) लावा म्हणून सांगत होते.

अडचण एकच आहे, तेलाचा घट्टपणा. ४० अंशाला डिझेलची चिकटाई २ ते ४.५ सेंटिस्टोक (चिकटाई मोजायचं एकक), सोयाबीन तेलाची ३० च्या वर. ८० अंशापर्यंत तापवलं तर तेल दहा-अकराच्या आसपास येतं. तरी ते डिझेलपेक्षा घट्टच, पण पिंटल नोझल (तोंडाशी खिळीसारखी सुई असलेला) आणि प्री-चेंबर (जळणं जिथे सुरू होतं तो छोटा कप्पा) असलेल्या जुन्या इंजिनाला तेवढं पचतं. थंड तेल नोझलमधून धुक्यासारखं फवारलं जात नाही, त्याची धार पडते. ती पूर्ण जळत नाही, नोझलच्या तोंडाशी कार्बन बसतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, आणि न जळलेलं तेल खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरून इंजिन ऑइलचा चिखल करतं. लोक म्हणतात ना इंजिन जातं, ते असं जातं.

म्हणून मी दोन टाक्या केल्या. मूळ टाकीत डिझेल. मागच्या सीटखाली वीस लिटरची स्टीलची दुसरी टाकी, तिच्यात तेल. रेडिएटरचं गरम पाणी आधी त्या टाकीतल्या कॉइलमधून आणि मग फिल्टरजवळच्या हीट एक्स्चेंजरमधून फिरवलं. दोन कॉक बसवले, एक सप्लायला, एक रिटर्नला. रिटर्नचा कॉक विसरलात तर पंपातून परत येणारं तेल डिझेलच्या टाकीत जाऊन बसतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ढकलावी लागते. तांब्याची नळी कुठेही वापरली नाही, तांब्याच्या संगतीत तेल लवकर खराब होतं. निमाणीवरून डिझेलवर निघायचं, म्हसरूळ मागे पडलं आणि इंजिनच्या तापमानाचा काटा वर आला की कॉक फिरवायचा. वणी यायच्या तीन-चार किलोमीटर आधी परत डिझेलवर, म्हणजे पंपात, पाइपात, नोझलमध्ये डिझेलच राहतं आणि तास-दीड तास उभी राहून थंड झालेली गाडी एका सेल्फला उठते.

तेल एका खानावळीतून घ्यायचो, सोयाबीनचं. लिटरला १५ रुपये देत होतो, डिझेल तेव्हा ४५ च्या आसपास. आणलेला ड्रम तीन आठवडे हलवायचा नाही. वरचं तेल घ्यायचं, खालचा पाव हिस्सा सोडून द्यायचा. पळीभर कढईत तापवून बघायचं, तडतडलं तर पाणी आहे, तो ड्रम अजून थांबला. मग कापड, मग ५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गाळायची पिशवी, मग १ मायक्रॉनची. नोझलची सुई आणि तिची बॉडी यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉन असते. भज्याचा जळका कण तिथे काय करेल याचा विचार तुम्हीच करा. इंजिन ऑइल निम्म्या किलोमीटरला बदलायचो. ॲव्हरेज थोडं पडलं, धूर कमी झाला, आवाजही मऊ झाला. वणीला बाकीचे ड्रायव्हर येऊन सायलेन्सरचा वास घ्यायचे.

दादाला हे कधीच पटलं नाही. म्हणजे पैसे वाचत होते तेवढे पटत होते. तीन आठवडे थांबणं, कॉक फिरवणं, शेवटचे तीन किलोमीटर डिझेलवर जाणं, हे सगळं त्याला माझं लाडकं खूळ वाटायचं.

डिसेंबर २०१२. मी कामानिमित्त पुण्याला होतो. दादाला एका फरसाणवाल्याकडून तेलाचा आख्खा बॅरल स्वस्तात मिळाला. पामोलिन. त्याने ते न गाळता, न निवळता डिझेलच्या मूळ टाकीत ओतलं, निम्मं डिझेल, निम्मं तेल. कोणीतरी सांगितलं म्हणून पातळ व्हायला वर दोन लिटर रॉकेल. रात्री गाडी वणीला मुक्कामी. त्या आठवड्यात निफाडची थंडी रोज पेपरात येत होती, वणीला काही वेगळं नव्हतं. खोबरेल तेल हिवाळ्यात बाटलीत थिजतं हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत असतं. पामोलिनचंही तेच, दहा अंशांच्या खाली गेलं की ते डालड्यासारखं व्हायला लागतं.

पहाटे सप्तशृंगी गडावर जाणारे भाविक बसवले. गाडी उठेना. सेल्फ मारून मारून बॅटरी निम्मी केली, मग लोकांनी ढकलली. उठली, दोन किलोमीटरवर बंद पडली. रस्त्यावरच्या एका मेकॅनिकने फिल्टर खोलला, तो तुपाने भरल्यासारखा भरलेला. त्याने फिल्टर काढून टाकला आणि प्लास्टिकचा पाइप जोडून टाकी ते पंप डायरेक्ट केलं. गाडी पळायला लागली. काळा-पांढरा धूर, इंजिन ठोकतंय, आणि दादा तशीच भरलेली गाडी नांदुरीच्या दिशेने चढावर घेऊन गेला. चढातच ती कायमची थांबली. ट्रॅक्टरने ओढून वणीला आणली.

मी पुण्याहून परत येईपर्यंत दादाने ती भंगारात दिली होती. मला फोन नाही, विचारणं नाही. इंजिन उघडून बघायलाही कोणी थांबलं नाही. अण्णांनी एकेक हप्ता भरून घेतलेली गाडी, वजनावर गेली. तेव्हापासून लग्न असो, बारसं असो, गोंधळ असो, ‘याच्या तेलाने अण्णांची गाडी खाल्ली’ हे वाक्य एकदा तरी होतंच. आईसुद्धा तेच म्हणते. वहिनी तेवढी गप्प बसते.

मी अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात तीन रविवार घालवले. तेव्हा तो बाजार मोठा होता, पुढे महापालिकेने उठवला. तिसऱ्या रविवारी आमचं इंजिन सापडलं, पंपावर माझाच पंचचा खूण-नंबर होता. दुकानदाराला पैसे देऊन तिथेच बसून खोललं. प्लास्टिकचा पाइप अजून तसाच जोडलेला होता. पहिल्या तीन पिस्टनच्या रिंगा बोटाने फिरत होत्या. अडीच वर्षं तेलावर चाललेल्या इंजिनाच्या रिंगा, मोकळ्या! प्री-चेंबर साफ होते. चौथ्याचा पिस्टन मात्र घासून गेलेला, वरची रिंग चिकटलेली. चारही नोझल घरी आणून बेंचवर लावले. तीन नोझल ११५ बार दाबाच्या जवळपास उघडले, फवारा थोडा वाकडा, पण फवारा. चौथ्याची सुई उघडी अडकलेली, नुसती धार. सुई उपसून काढली तेव्हा तिच्यावर करपलेल्या पिठाचा थर होता. फिल्टर काढल्यावर आत गेलेला गाळ, दुसरं काही नाही. उघड्या सुईतून धार पिस्टनवर पडत राहिली आणि तशाच गाडीने चढ चढला.

ते नोझल मी दादासमोर ठेवले होते. त्याने बघितलेसुद्धा नाहीत.

तुमच्या सुमोकडे येतो. १९४८ सीसीचं इंजिन असेल तर ते प्री-चेंबरचं आहे, ही चांगली गोष्ट. आता बॉनेट उघडा आणि पंप बघा. नोझलकडे जाणारे चार पाइप एका ओळीतून निघत असतील तर इनलाइन पंप, तो घट्ट तेल सोसतो. गोलातून निघत असतील तर रोटरी, त्याला वंगण त्याच्यातून जाणाऱ्या इंधनाचंच मिळतं, थंड घट्ट तेलावर तो जाम होतो किंवा त्याचा शाफ्ट तुटतो. रोटरी असेल तर नाद सोडा. कॉमन रेल, म्हणजे नव्या पद्धतीच्या डिझेल गाडीबद्दल तर मला कोणी विचारूच नये, तिथे हजार बारच्या वरचं काम आहे.

फरसाणचं दुकान म्हणजे तुमचंही तेल बहुतेक पामचंच. नाशिकला नोव्हेंबर ते फेब्रुवारी ते गाडीत नको. ताजं तेल ओतायचा विचार तर करूच नका, ते डिझेलपेक्षा महाग आहे, आणि देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल आपण बाहेरून आणतो. ते माणसांच्या पोटात गेलेलं बरं. रॉकेल मिसळणं बेकायदा आहे आणि त्याने पंपाचं वंगणही जातं. घरी मेथेनॉल आणि कॉस्टिक घालून बायोडिझेल करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, मेथेनॉल विषारी आहे आणि त्याची वाफ पेट घेते.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या रचनेत आपल्या मनाने बदल करता येत नाही, आणि दुसरी टाकी हा बदलच आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथे ठेवेल. तुमची सुमो पंधरा वर्षांच्या पुढची, म्हणजे फिटनेसला उभी करताना हे सगळं दिसणार. परमिटच्या गाडीत, लोक बसवून मी हे केलं, ते करायला नको होतं, हे मी आज मान्य करतो. दुकान दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरत असेल तर एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नियमाने वापरलेल्या तेलाची नोंद ठेवून ते अधिकृत संकलकालाच द्यावं लागतं. २०१८ पासून ‘रुको’ म्हणून त्यांची योजनाच आहे, त्यातून त्या तेलाचं बायोडिझेल होतं. खरं सांगायचं तर दहा-बारा लिटरसाठी तोच सरळ मार्ग आहे.

आणि एक. तो चौथा नोझल त्या वर्षी दिवाळीत माझ्या हातात आला होता. त्याची गळती मर्यादेच्या काठावर होती. बदलायला हवा होता. मी साफ करून परत बसवला, पुढच्या महिन्यात बघू म्हणून. नवा असता तर त्या गाळाला टिकला असता का? मला नाही वाटत. पण हे मी दादाला कधी सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

पंपाचा फोटो टाका, ओळीतला की गोल ते बघून सांगतो. आणि गाडी रोज कोण चालवणार, तुम्ही की भाऊ, तेही लिहा.