वाचकांचे प्रश्न : ‘चूक झाली’ आणि ‘मी चुकलो’

गेल्या अंकात एरॉल मॉरिस यांच्या ‘द फॉग ऑफ वॉर’ या २००३ च्या माहितीपटावर एक टिपण प्रसिद्ध झाले होते. १९६१ ते १९६८ या काळात अमेरिकेचे संरक्षणमंत्री असलेले आणि व्हिएतनाम युद्धाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते रॉबर्ट मॅकनमारा वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी कॅमेऱ्यासमोर बसून आपल्या निर्णयांचा मागोवा घेतात, असे त्याचे स्वरूप आहे. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांतील प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या चित्रपट मंडळात हा माहितीपट दाखवावा की नाही यावर वाद झाला. पावणेदोन तास एकच माणूस बोलतो आणि ज्यांच्यावर बॉम्ब पडले त्यांच्यापैकी कोणीही पडद्यावर येत नाही. हे एका नेत्याला दिलेले व्यासपीठच नव्हे काय? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या हरकतीत तथ्य आहे. व्हिएतनामची बाजू आपल्याला ऐकू येते ती मॅकनमारांच्याच तोंडून. १९९५ मध्ये ते हनोईला गेले तेव्हा माजी परराष्ट्रमंत्री न्गुयेन को थाक यांनी त्यांना सुनावले की तुम्ही इतिहास वाचलेला दिसत नाही. आम्ही हजार वर्षे चीनशी लढत आलो आहोत, आम्ही चीनचे प्यादे कसे असू? हा प्रसंग मॅकनमारा प्रामाणिकपणे सांगतात, पण सांगणारे तेच आहेत, आणि ही उणीव आपण प्रेक्षकांपुढे मोकळेपणाने मांडावी.

तरीही दाखवू नये असे मात्र मी म्हणणार नाही. मॉरिस यांनी मुलाखतीसाठी स्वतः योजलेली एक रचना वापरली आहे. प्रश्नकर्त्याचा चेहरा कॅमेऱ्याच्या भिंगापुढील काचेवर उमटतो, त्यामुळे उत्तर देणारा प्रश्नकर्त्याकडे पाहतो तेव्हा थेट आपल्याच डोळ्यांत पाहत असतो. शिवाय तेव्हाचे अध्यक्ष केनेडी आणि त्यांच्यानंतरचे अध्यक्ष जॉन्सन यांच्या कार्यालयांतील ध्वनिमुद्रणे मधूनमधून ऐकू येतात, आणि चाळीस वर्षांपूर्वीचा तो आवाज आजच्या निवेदनाला कधी दुजोरा देतो, तर कधी त्याच्याशी नीट जुळत नाही. ज्या अकरा धड्यांत चित्रपट विभागला आहे ते मॅकनमारांच्या बोलण्यातून मॉरिस यांनी निवडलेले आहेत. बुद्धिनिष्ठा आपल्याला तारणार नाही, असा एक धडा आकडेमोडीवर आयुष्य उभारलेल्या माणसाच्या नावावर लागतो, तेव्हा ऐकणाऱ्याला सावध व्हावेच लागते.

प्रश्न : चित्रपट पाहताना माझे डोळे पाणावले. या वयात इतक्या प्रांजळपणे चूक कबूल करणारा सत्ताधीश मी पाहिला नव्हता. परंतु माझी नात म्हणाली, “आजोबा, त्यांनी माफी मागितलीच कुठे?” आमच्यापैकी बरोबर कोण? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : आपल्याला जे जाणवले ते खोटे नाही, पण आपल्या नातीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. कबुली, खंत, पश्चात्ताप आणि माफी हे चार निराळे शब्द आहेत. त्यांपैकी पहिल्या दोन गोष्टी या चित्रपटात भरपूर आहेत, तिसरी अधूनमधून डोळ्यांत दिसते, आणि चौथी मला कुठेही आढळली नाही.

हे तपासण्यासाठी मी एक प्रयोग केला. मॅकनमारांची महत्त्वाची वाक्ये मी मराठीत करून पाहिली आणि सर्वनामापाशीच अडलो. १९९५ च्या आठवणींच्या पुस्तकापासून या चित्रपटापर्यंत ते व्हिएतनामबद्दल चुकल्याचे सांगतात ते बहुवचनात. इंग्रजीतील त्या एका शब्दाला मराठीत दोन वाटा आहेत. ‘आम्ही चुकलो’ म्हटले तर दोष तेव्हाच्या मंत्रिमंडळाकडे जातो, आणि ‘आपण चुकलो’ म्हटले तर ऐकणाराही त्यात ओढला जातो, सारा देश वाटेकरी होतो. तिसरी वाट आपल्या रोजच्या बोलण्यात आहे : ‘चूक झाली’. या वाक्यात चूक असते, पण ती करणारा नसतो. मॅकनमारांचे व्हिएतनामविषयीचे बोलणे मराठीत आणताना बहुतेक वेळा मला हे तिसरे रूपच अचूक वाटले.

पण एका ठिकाणी तसे होत नाही, आणि तो भाग आपण नातीबरोबर पुन्हा पाहावा. १० मार्च १९४५ च्या पहाटेपर्यंत टोकियोवर आगबॉम्बांचा वर्षाव झाला आणि एका रात्रीत सुमारे एक लाख नागरिक जळून मेले. मॅकनमारा त्या वेळी जनरल कर्टिस ले मे यांच्या हाताखाली ग्वाम बेटावर होते. हार्वर्डमध्ये शिकवणारा हा तरुण बॉम्बफेक किती परिणामकारक ठरते याचे गणित मांडत असे. पडद्यावर विमानांतून बॉम्बच्या जागी आकडे खाली पडताना दिसतात, मग जपानी शहरांची नावे येतात, प्रत्येकाचा किती भाग नष्ट झाला ते येते आणि तेवढ्याच आकाराच्या अमेरिकन शहराचे नाव येते. तोयामा ९९ टक्के. आपण युद्ध हरलो असतो तर युद्धगुन्हेगार म्हणून आपल्यावर खटले चालले असते, असे ले मे म्हणाले होते. मॅकनमारा सांगतात की ते खरेच होते, आणि त्या गुन्हेगारांत स्वतःलाही मोजतात.

मला या चित्रपटातील सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते. जेथे ते एका मोठ्या यंत्रणेतील कनिष्ठ अधिकारी होते, तेथे त्यांना ‘मी’ म्हणता आले. जेथे आदेशावर त्यांची सही होती, तेथे हा ‘मी’ विरत जातो. एजंट ऑरेंज या विषारी रसायनाच्या फवारणीला आपण परवानगी दिल्याचे आठवत नाही, मात्र ती आपल्याच कारकिर्दीत झाली, असे ते सांगतात. आणि या साऱ्याचे कर्ते आपण होतात की केवळ साधन, असे मॉरिस विचारतात तेव्हा उत्तर येते की लोकांनी निवडून दिलेल्या अध्यक्षाला साहाय्य करणे हे माझे काम होते. घटनेच्या दृष्टीने हे उत्तर बरोबर असेल, पण विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नाही. आपल्या नातीला माझा नमस्कार सांगावा.

प्रश्न : १९६२ मध्ये क्यूबाच्या पेचातून ज्यांनी जगाला वाचवले, तीच माणसे दोन वर्षांत व्हिएतनामच्या युद्धात कशी शिरली? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : चित्रपटातील उत्तर थोडक्यात असे आहे. सोव्हिएत संघाने क्यूबात अण्वस्त्रे आणून ठेवल्यामुळे युद्ध पेटण्याची वेळ आली, तेव्हा केनेडींच्या खोलीत ल्युलिन थॉम्प्सन होते. ते मॉस्कोत राजदूत म्हणून राहिलेले आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चॉव्ह यांना जवळून ओळखणारे होते. क्यूबा आपण वाचवला, आक्रमण आपण रोखले, असे आपल्या लोकांना सांगण्याची सोय मिळाली तर ख्रुश्चॉव्ह माघार घेतील, हे त्यांनी अध्यक्षांना तोंडावर पटवून दिले. व्हिएतनामी माणसाला तसे ओळखणारा कोणी त्या वर्तुळात नव्हता. २ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखातात अमेरिकन जहाजावर हल्ला झाला होता. ४ ऑगस्टचा दुसरा हल्ला झालाच नव्हता. परंतु तो झाला असे धरून बॉम्बफेक झाली आणि तीन दिवसांत अमेरिकन संसदेने जॉन्सन यांना युद्धाची जवळजवळ मोकळीक दिली. सिनेटमध्ये विरोधी मते फक्त २ होती.

‘वाचवले’ या आपल्या शब्दाबद्दल मात्र एक गोष्ट सांगायला हवी. १९९२ मध्ये हवाना येथे मॅकनमारांना प्रथमच कळले की त्या पेचप्रसंगी क्यूबात १६२ अण्वस्त्रे होती, आणि क्यूबाचे नेते कॅस्ट्रो यांनी ती वापरण्याची शिफारस केली होती. ते स्वतः त्या सुटकेचे श्रेय दैवाला देतात.

प्रश्न : युद्ध जिंकता येणार नाही हे त्यांना १९६७ मध्येच कळले होते, तर पद सोडल्यावर ते बोलले का नाहीत? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आत ते बोलले होते. १ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांनी जॉन्सन यांना निवेदन देऊन युद्धाची व्याप्ती वाढवणे थांबवावे असे सुचवले होते. त्याआधी त्याच वर्षी या युद्धाचा गोपनीय इतिहास लिहून घेण्याचे कामही त्यांनीच सुरू करवले. पुढे ‘पेंटॅगॉन पेपर्स’ म्हणून जे फुटले ते हेच. फेब्रुवारी १९६८ अखेर त्यांनी पद सोडले आणि ते जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी ते कलकत्त्याला आले तेव्हा ‘तोमार नाम, आमार नाम, व्हिएतनाम’ म्हणणाऱ्या शहराने तीव्र निदर्शनांनी त्यांचे स्वागत केले. तरी बाहेर ते गप्पच राहिले, आणि ते मौन सुटायला १९९५ उजाडले. या युद्धात एकूण ५८,००० हून अधिक अमेरिकन सैनिक मेले, त्यांपैकी निम्म्याहून अधिक त्यांनी पद सोडल्यानंतर. व्हिएतनामी मृतांची गणती लाखांत करावी लागते.

या मौनाचे समर्थन मला करता येत नाही. एका जाणत्या माणसाने त्या काळात उघडपणे दिलेली साक्ष किती मोलाची ठरली असती, या विचाराने मी हा चित्रपट पाहून अस्वस्थ झालो, आणि आपलेही तसेच झाले असेल तर नवल नाही. मॉरिस यांनीही नेमका आपलाच प्रश्न शेवटी विचारला आहे. पडद्यावर मॅकनमारा वॉशिंग्टनच्या रस्त्यांवरून एकटेच गाडी चालवत आहेत आणि आवाज मात्र दूरध्वनीवरचा आहे. आपण का बोलला नाहीत? स्वतःला जबाबदार मानता का, अपराधी वाटते का? ते म्हणतात की यापुढे मला काही बोलायचे नाही, त्यातून नवे वाद निघतील. बोललो तरी लोक दोष देतील आणि न बोललो तरी देतील, हे मॉरिस सुचवतात तेव्हा ते मान्य करतात, आणि न बोलून दोष घेणे पत्करतात.