दान न देणाऱ्या कुटुंबांना वगळू नका

सर्वांत कमी उत्पन्नाच्या गटाने उत्पन्नाच्या सर्वाधिक टक्के दान केल्याचे आपल्या पाहणीत दिसते आणि मार्गदर्शकांना ते पटत नाही, हे वाचून मला माझा एम. ए.चा प्रबंध आठवला. माझाही निष्कर्ष नेमका हाच होता आणि तो चुकीचा ठरला.

चूक संख्याशास्त्रीय चाचणीत नव्हती. ज्या कुटुंबांनी वर्षभरात काहीच दिले नव्हते, त्यांच्या नोंदी मी अपूर्ण समजून काढून टाकल्या होत्या. समजण्यापुरते काल्पनिक आकडे घेऊ. वार्षिक १ लाख उत्पन्नाच्या १०० कुटुंबांपैकी २० कुटुंबांनी प्रत्येकी ४,००० रुपये दिले आणि १० लाख उत्पन्नाच्या १०० पैकी ८० कुटुंबांनी प्रत्येकी १५,००० रुपये दिले. केवळ देणाऱ्यांत हे प्रमाण ४ आणि १.५ टक्के येते. सर्व कुटुंबे धरली, तर ०.८ आणि १.२ टक्के. क्रमच उलटतो. पडताळ्यासाठी ज्या कार्यालयाकडून आकडे घेतले, त्यानेही फक्त देणगीदारांची गटवार सरासरी दिली. न देणाऱ्यांची संख्या तीन अर्ज करूनही मिळाली नाही आणि माझी चूक त्या सरासरीआड सहा महिने लपून राहिली.

मी संख्याशास्त्राची पदवीधर नाही, तेव्हा पुढचे मत तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. दान दिले की नाही आणि दिले तर किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यासाठी काय-वर्ग (chi-square) चाचणी किंवा लॉजिस्टिक प्रतिगमन, म्हणजे हो-नाही स्वरूपाच्या उत्तरांची गटवार तुलना करणाऱ्या पद्धती, वापराव्यात; दुसऱ्यासाठी फक्त देणाऱ्यांच्या रकमांचा लॉगरिदम घ्यावा, म्हणजे मोजक्या मोठ्या रकमांचा प्रभाव कमी होतो. शून्याचा लॉगरिदम निघत नाही म्हणून सर्व रकमांत १ मिळवण्याची युक्ती मला मुळीच मान्य नाही, कारण १ ऐवजी १०० मिळवले की उत्तर बदलते.

देणगीवर मिळणाऱ्या प्राप्तिकराच्या वजावटीवरून (१९६१च्या कायद्यातील कलम ८०जी) दानाचा अंदाज बांधू नये. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला ती मिळत नाही, नव्या करप्रणालीत तर ही वजावटच नाही, आणि गणपतीची वर्गणी, वारकऱ्यांना दिलेला शिधा किंवा श्रमदान तिथे कधीच दिसत नाही. प्रश्नावलीत हे नाव घेऊन विचारावे; नुसते 'दान' म्हटले, तर अनेकांना वर्गणी आठवतच नाही.

निवृत्त कुटुंबे मात्र वेगळी तपासावीत. त्यांचे चालू उत्पन्न कमी असले, तरी दान पूर्वीच्या बचतीतून होते, त्यामुळे ती खालच्या गटाची टक्केवारी फुगवतात.