तळ्यातील जलपर्णी तणनाशकाने कायमची जाईल का? आणि ती पाणी शुद्ध करत असेल तर काढावी तरी कशाला?

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. तणनाशकाने आज दिसणारी झाडे मरतील, पण जलपर्णी जाणार नाही. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ‘जलपर्णी पाणी शुद्ध करते, तिला हात लावू नका’ हे मत मी आमच्या ग्रामसभेत ऐकले आहे आणि ते मानल्याची किंमत गावाने मोजलेली पाहिली आहे.

आमचे गाव उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी, म्हणजे मागे साठलेल्या पाण्याच्या काठी आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी पवना, मुळा-मुठा आणि इंद्रायणीतून भीमेत येते व भीमेतून आमच्यापर्यंत पोहोचते. त्या पाण्यातील नत्र आणि स्फुरद हे जलपर्णीचे अन्न. पावसाळ्यात वरच्या नद्यांतील जलपर्णी पुराबरोबर वाहून येते, कडेच्या ओढ्यांच्या तोंडाशी अडकते आणि पाणी स्थिरावले की तिथेच वाढू लागते. एका वर्षी दिवाळीनंतर असे हिरवे पट्टे दिसू लागले, तेव्हाच ते ओढून काढावेत अशी मागणी गावातील भोई मंडळींनी केली. होड्या त्यांच्या होत्या, माणसे त्यांची होती, ग्रामपंचायतीने फक्त मजुरी आणि ट्रॅक्टर द्यायचा होता. त्या सभेला पाहुणे म्हणून आलेल्या एका तज्ज्ञांनी सांगितले की ही वनस्पती सांडपाण्यातील विषारी द्रव्ये शोषून घेते, म्हणून ती निसर्गाने दिलेली गाळणीच आहे. मी उठून विचारले की शोषलेले द्रव्य झाडात साठते, मग झाड तिथेच कुजल्यावर ते कुठे जाणार? त्याचे उत्तर मिळाले नाही आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला.

अनुकूल हवामानात जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. एखादे झाड पाण्यातून उपटून पाहा. देठ फुगीर असतो, तो मोडला तर आत हवेने भरलेला स्पंज दिसतो आणि खाली पिसासारखी काळसर-जांभळी मुळे लोंबत असतात. बुडाशी एक आडवा धुमारा निघालेला असतो, त्याच्या टोकाला पिलू झाड आणि त्या पिलालाही पुढचा धुमारा फुटू लागलेला. त्यामुळे चार झाडे मागे राहिली तरी काम वाया जाते. त्या वर्षी चैत्र लागेपर्यंत ओढ्याच्या तोंडापासून मुख्य पात्रापर्यंत इतका दाट थर झाला की होडी पुढे रेटता येईना. पाणी मागे सरकल्यावर मोटारींपर्यंत पाणी आणण्यासाठी शेतकऱ्यांनी चाऱ्या खोदल्या होत्या, त्या तुंबल्या आणि मोटारीच्या पाइपच्या तोंडाशी पाण्यात असणारे फुटव्हॉल्व्ह मुळ्यांनी भरून उसाचे पाणी तुटले. थराखाली उजेड जात नाही, वाऱ्याने पाणी ढवळले जात नाही आणि कुजणारी पाने पाण्यातील प्राणवायू संपवतात. पहाटे तो सर्वांत कमी असतो, म्हणून सकाळी चिलापी मासे पोट वर करून तरंगताना दिसे. डासांनी संध्याकाळी अंगणात बसणे अशक्य केले.

शेवटी कंत्राटदाराचे यंत्र आले ते ऐन उन्हाळ्याच्या अखेरीस. काढलेली जलपर्णी त्याने काठावरच, पूररेषेच्या आत, रचून ठेवली. तिच्यात सुमारे ९५ टक्के पाणी असते, त्यामुळे वाहतूक महाग पडते हे मान्य आहे, पण पाणी चढल्यावर तो ढीग पुन्हा फुगवट्यात गेला आणि काम पूर्ण झाल्याचे बिल निघाले. आजही पारावर ‘ते तज्ज्ञ बरोबरच होते’ म्हणणारे भेटतात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की जलपर्णी द्रव्ये शोषते हे खरे, परंतु ती वेळोवेळी बाहेर काढून दूर नेली तरच पाण्यातील भार कमी होतो. तिला वाढू देणे आणि तिच्याकडून शुद्धीकरण करून घेणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

‘कायमची’ या आपल्या अपेक्षेविषयी स्पष्ट सांगतो. फिकट जांभळी फुले दिसायला सुंदर असतात, वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका असतो, आणि याच सौंदर्यासाठी ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतून जगभर नेली गेली. बंगालमध्ये तर तिच्या निर्मूलनासाठी १९३६ साली कायदा करावा लागला, तरीही ती आजपर्यंत तिथे आहे. फुले सुकली की तुरा वाकून पाण्यात जातो आणि बी तळाच्या गाळात पडते, जिथे ते १५ ते २० वर्षे जिवंत राहू शकते. पाणी ओसरून गाळ उघडा पडला की ते उगवते. आमच्याकडे गाळपेर करणारे, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घेणारे शेतकरी ओलसर कडेला ही रोपे पाहतात, पण कोवळी पाने पट्टीसारखी अरुंद असल्याने गवत समजून सोडून देतात. तणनाशक या बियांना काहीच करत नाही. फवारलेला थर बुडून कुजतो, पाणी सडते, मासे मरतात आणि शोषलेले नत्र-स्फुरद पुढच्या पिढीला खायला मिळते.

जलपर्णीवर जगणारे निओकेटिना वंशाच्या दोन जातींचे बारीक सोंडे भुंगेरे भारतात १९८०च्या दशकात आणून बेंगळुरूत सोडण्यात आले. त्यांच्या अळ्या देठ पोखरतात, आणि कोष जलपर्णीच्या मुळांवरच होत असल्याने इतर पिकांना धोका नसतो. आपले तळे साचलेल्या पाण्याचे असल्याने त्यांचा उपयोग होऊ शकेल. वाहत्या नदीत मात्र पुराबरोबर भुंगेरेही वाहून जातात. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडे त्यांच्याविषयी चौकशी करावी. परिणाम दिसायला काही वर्षे लागतात आणि पाण्यात सांडपाणी फार असेल तर झाडे कीटकांपेक्षा वेगाने वाढतात, हेही लक्षात ठेवावे.

तोपर्यंत फुले येण्यापूर्वी, थंडीतच, हाताने आणि दाताळ्याने जलपर्णी काढावी आणि ढीग पूररेषेबाहेर न्यावा. खत करणार असाल तर तळ्यात कारखान्याचे पाणी येत नाही याची आधी खात्री करावी, कारण जलपर्णी शिसे, कॅडमियमसारखे धातूही साठवते आणि तसे खत भाजीपाल्याला घालू नये. तळ्यात येणारे गटार मात्र सर्वांत आधी वळवावे लागेल.